सातवा बाप

३ सप्टेंबर

आजचा दिवस ऐतिहासिक. इतिहासाचा शिक्षकच असं म्हणतोय म्हटल्यावर त्यात वाद नाही.

'एक खोगीर' हा सिनेमा अखेर आमच्या तेरेकतीच्या सांस्कृतिक भवनात लागला. हॉल गच्च, माणसं पायऱ्यांवर बसलेली. शेवटी नावांच्या यादीत माझंही आलं: ऐतिहासिक सल्लागार, ओर्दाबेक. घोड्यांना चारा पुरवणाऱ्याच्या खाली, पण आभारांच्या वर. नेमकी तेव्हाच झाउरे वाकून बूट शोधत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, अहो, तुमचं नाव येणार होतं ना? लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोला वेळेचं भान नाही. उद्या पुन्हा नेतो.

संकल्प: रोजनिशी नेमाने लिहायची. कुणाला दाखवायची नाही.

४ सप्टेंबर

झाउरेला नाव दाखवलं. म्हणाली, फार भरभर गेलं हो.

असो. एलेमेस बातिर हा आमच्या तालुक्याचा खरा वीर. कोकंदच्या खानाच्या फौजेशी लढला. त्याची कबर आहे, त्याच्या नावाचा रस्ता आहे, त्या रस्त्याला खड्डेही आहेत. बोझताय हा त्याच काळातला, माझा पूर्वज. बोझतायने काही पराक्रम केल्याचा पुरावा नाही. केला नाही, असाही पुरावा नाही. विद्वानाचं काम सुरू होतं ते इथे.

दिग्दर्शक बैबारिस अल्माटीचा, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. शूटिंगच्या आधी त्याने विचारलं होतं, सर, हा बोझताय एलेमेसचा कोण? मी म्हटलं, मित्र. तो म्हणाला, मित्र मेला तर लोक पॉपकॉर्न खात राहतात. मग मी म्हटलं, सख्खा भाऊ. एक बाप, एका आईचं दूध. त्याचे डोळे चमकले. माझेही चमकले असणार.

कढईतल्या रश्श्यात बटाटे दिसत होते. त्या काळी आमच्याकडे बटाटा कुठला, अशी मी हरकत घेतली. बैबारिस म्हणाला, बटाट्याशिवाय लोकांना जेवण अपुरं वाटेल. मी ताणून धरलं नाही. त्याचा बटाटा राहिला, माझा पूर्वज राहिला.

१७ सप्टेंबर

नववीची चाचणी. प्रश्न: कोकंदची फौज मागे का हटली? जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं की दोघा भावांनी खोगीर मधोमध कापून अर्धं अर्धं वाटून घेतलं, ते पाहून शत्रूला रडू कोसळलं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर एकाही कार्ट्याने लिहिलं नाही.

सगळ्यांना पूर्ण गुण. झाउरेने विचारलं, असं खरंच झालं होतं? मी म्हटलं, भावार्थाने झालं होतं. एवढी वर्षं घसा फोडून मला जे जमलं नाही ते सिनेमाने दोन तासांत केलं. इतिहास एकदाचा लोकांपर्यंत पोचला.

५ ऑक्टोबर

चौकात पुतळा बसला. एक घोडा, दोन भाऊ. बोझताय मागे बसलाय, पण जरा उंच दिसतो. ती सूचना माझी.

नंतरच्या जेवणात मानाचं मेंढीचं मुंडकं माझ्यापुढे ठेवलं. आमच्या कुळातले सगळ्यांत वडीलधारे कोइशीबाय अक्साकाल, त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर जरीचा चपान, मानाचा झगा, चढवला. ओर्दाबेकचं मानाने ओरेके करून म्हणाले, ओरेके, एलेमेसवाल्यांच्या लग्नांत आम्ही आजवर दाराशी बसत होतो. तू आम्हाला वर बसवलंस. बोलता बोलता रडले. मीही रडलो. टीव्हीवाली मुलगी आली होती, तिला मी ठणकावून सांगितलं: झारच्या कारकुनांनी लिहिलेले कागद खरे मानायचे की आपल्या माणसांनी बनवलेला सिनेमा? हे वाक्य रात्रीच्या बातम्यांत दोनदा दाखवलं.

१४ ऑक्टोबर

आणखी एक आनंदाची बातमी. आमच्या लेकीने, तोल्गानायने, लग्न ठरवलंय. मुलगा मिरास, जनावरांचा डॉक्टर. शूटिंगच्या घोड्यांना तपासायला यायचा आणि ही माझा डबा घेऊन यायची. डबा इतका उशिरा का पोचायचा ते आता कळलं.

मुलगा एलेमेसच्या वंशातला! म्हणजे बोझतायची पोर एलेमेसच्या घरात. सिनेमाचा दुसरा भाग आमच्या घरातच घडणार. मी झाउरेला हे म्हटलं तर ती म्हणाली, तुम्ही यात सल्ला देऊ नका म्हणजे झालं.

२६ ऑक्टोबर

काहीतरी गैरसमज झालाय. उद्या मिटेल.

मुलाकडची मंडळी सोयरिकीचे डूल तोल्गानायच्या कानात घालायला आली होती. मिरासला आईबाप नाहीत, त्याला वाढवलं बातेस आजीने. त्यामुळे शब्द तिचाच. बाई वाळक्या शेंगेएवढी, पण तिच्यापुढे कुणी मोठ्याने खोकत नाही. झाउरेने मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी तयार ठेवली होती. व्याह्यांनी एकमेकांना भरवली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. आजीने डबीतून डूल काढले, तोल्गानायच्या कानापर्यंत नेले आणि विचारलं, मास्तर, सिनेमातला तो बोझताय तुमचा कितवा?

मी अभिमानाने सांगितलं, पाच पिढ्यांवरचा, माझा पाचवा बाप, हिचा सहावा.

आजी बोटं मोजायला लागली. तोल्गानायचा सहावा बाप बोझताय, आमच्या मिरासचा सहावा बाप एलेमेस. दोघांचा बाप बायसाल. म्हणजे सातवा बाप एकच.

तिने डूल परत डबीत ठेवले आणि डबी मिटली. म्हणाली, सात बापांत रक्त एक असलं की ती भावंडं. भावाबहिणीचं लग्न लावायला मला अजून म्हातारचळ लागलेला नाही.

चरबी आणि कलेजी थंड झाली. नंतर मीच खाल्ली.

२७ ऑक्टोबर

आजीकडे गेलो. ज्याने गाठ मारली त्याला सोडवायला कितीसा वेळ लागणार? शांतपणे समजावलं, आजी, सिनेमात थोडं कल्पनेचं असतं. ते दोघं भाऊ नव्हते.

आजी म्हणाली, मी चारदा पाहिलाय. त्या माउलीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोघं दूध पीत होते.

मी म्हटलं, ती अल्माटीची नटी.

ती म्हणाली, नटी असो नाहीतर पटी, पोरं दोन होती की नव्हती?

यावर उत्तर देता येतं, पण मी पाहुणा होतो. चहा चांगला होता.

२ नोव्हेंबर

ग्रंथालयात माझं जाहीर व्याख्यान: सिनेमा आणि सत्य. विषय मीच सुचवला. आजीपर्यंत गेलं पाहिजे म्हणून तिच्या शेजारणींना मुद्दाम बोलावलं. सुरुवात जोरदार केली. म्हटलं, मित्रांनो, पडद्यावर दिसतं ते सगळंच घडलेलं नसतं. उदाहरणार्थ बटाटा.

लोक हसले. मग म्हटलं, दुसरं उदाहरण, बोझताय.

पहिल्या रांगेतून कोइशीबाय अक्साकाल काठी टेकत उभे राहिले. मागे आमचं अख्खं कुळ. म्हणाले, ओरेके, बोझतायचं काय?

मी म्हटलं, बोझताय एलेमेसचा भाऊ होता यात शंका नाही, प्रश्न फक्त बटाट्याचा आहे.

टाळ्या पडल्या. एकूण व्याख्यान संतुलित झालं. फक्त तोल्गानाय टाळ्यांआधीच घरी निघून गेली.

१० नोव्हेंबर

खरा उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. बोझताय आणि त्याचा मुलगा कारीबाय यांच्यामध्ये एक पिढी घालायची. मग तो बायसाल घसरतो आठव्यावर, आणि आठव्याला कुणी विचारत नाही. एका माणसाचा प्रश्न. मी मधल्याला नावही दिलं, चांगलं भारदस्त.

संध्याकाळी आजीकडे गेलो. नवीन संशोधन सांगितलं. ती ऐकत होती आणि लोकर पिंजत होती. शेवटी म्हणाली, कारीबाय बोझतायचाच. सिनेमात खोगिरावर बापापुढे बसलाय, नाकाला शेंबूड. लढाईला जाताना बोझतायने त्याचा मुका घेतला तेव्हा मी पदर भिजवला. मधला कोण आणता?

तो प्रसंग घालायला मीच बैबारिसच्या मागे लागलो होतो. कारीबायलाही काही मिळावं म्हणून. शेंबूड मात्र माझी कल्पना नव्हती.

१५ नोव्हेंबर

शेवटचं अस्त्र काढलं. अभिलेखागारात बोझतायचा उल्लेख एकदाच येतो, झारच्या काळातल्या एका कागदावर: बोझताय, उंट राखतो. संपलं. ना भाऊ, ना तलवार, ना खोगीर. ही प्रत मी माझ्याकडेच ठेवली होती, कारण अपुऱ्या पुराव्याने लोकांचा गोंधळ उडतो.

मिरासलाही बरोबर घेतलं. आजीने कागद हातात घेतला नाही. विचारलं, कुणी लिहिलाय? म्हटलं, झारच्या कारकुनाने. ती म्हणाली, मास्तर, कारकुनाचा कागद खरा मानायचा की आपल्या माणसांचा सिनेमा? टीव्हीवर एक शहाणा माणूस बोलला होता, मला तेव्हाच पटलं होतं.

मिरासने खिडकीबाहेर बघितलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, नीट कळलं नाही.

२३ नोव्हेंबर

आजीने मिराससाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केल्याचं ऐकलं. वसंतात उरकायचं म्हणतात. मिरास नाही म्हणतो, पण त्या बाईला नाही म्हणून तो आजवर जिंकलेला नाही.

तोल्गानाय स्वयंपाकघरात कणीक मळत होती. पाठमोरी. कणीक गरजेपेक्षा जास्त मळली जात होती. मी मागे उभा राहून म्हटलं, बेटा, इतिहासात अशा गुंतागुंती होतातच. ती वळली नाही. म्हणाली, पापा, बोझतायला सिनेमात तुम्ही घातलंत, आता तुम्हीच काढा.

वाईट वाटलं. फार वाईट. यावर जास्त लिहीत नाही.

२६ नोव्हेंबर

बैबारिसला फोन. नवरोजला, मार्चमधल्या नववर्षाला, 'एक खोगीर' टीव्हीवर मालिका म्हणून येणार आहे, नवे प्रसंग घालून. म्हटलं, बोझताय भाऊ नाही असं करता येईल का? तो म्हणाला, सर, तुम्हीच तर म्हणालात एका आईचं दूध. म्हटलं, दूध राहू दे, रक्त काढ. तो एकदम म्हणाला, सापडलेलं पोर! बायसालला माळावर सापडलं. पळालेल्या शत्रूच्या तळावर, विझत्या चुलीपाशी. कुणाचं, कुठलं, कुणाला ठाऊक नाही. प्रेक्षक दोनदा रडतील.

मी म्हटलं, झऱ्यापाशी सापडू दे. गळ्यात एखादा ताईत, उमराव घराण्याचा.

तो म्हणाला, तळावर नाहीतर नाही.

विचार करून सांगतो म्हटलं. चपान काढून बघितला. जरीकाम खरं आहे. कोइशीबाय अक्साकालांचं दाराशी बसणं आठवलं. शेजारच्या खोलीत तोल्गानायचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती.

२७ नोव्हेंबर

बैबारिसला सांगितलं, तळावर. निर्णय पूर्णपणे माझा.

२३ मार्च

काल टीव्हीवर दाखवलं. आम्ही तिघंच बघत होतो. विझती चूल, वारा, फाटक्या गोधडीत किंचाळणारं पोर. झाउरे म्हणाली, बिचारं. मग तिच्या लक्षात आलं की ते आपलंच.

आज सकाळीच बातेस आजी आली. सोबत मिरास, शेपटीची चरबी आणि कलेजी तिच्याच घरची. तिने स्वतः घास करून माझ्या तोंडात घातला. डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, अनाथाची अवलाद तुम्ही, आधी बोलायचं नाही का, लाजलात होय? मग डूल घातले. तोल्गानाय हसली. तिला हसताना बघून मला पाच महिन्यांनी भूक लागली.

पद्धत यशस्वी. लोकांशी लोकांच्याच भाषेत बोलावं लागतं, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

१ एप्रिल

किरकोळ परिणाम. पुतळ्याखालची पाटी बदलली: एलेमेस बातिर आणि त्याच्या बापाने सांभाळलेला मुलगा. बोझताय मागे बसलेला आता वेगळाच दिसतो, धरून ठेवल्यासारखा. बाजारात कोकंदचा सुकामेवावाला मला भाऊ म्हणायला लागलाय, मूठभर बेदाणे जास्त टाकतो. नववीने चाचणीत लिहिलं की बोझताय शत्रूची भाषा जन्मतःच जाणत होता. पूर्ण गुण देताना हात जरा थांबला.

दुपारी कोइशीबाय अक्साकाल आले. चपान न्यायला आले असतील म्हणून मी तो घडी करून पुढे ठेवला. त्यांनी बघितलाही नाही. म्हणाले, ओरेके, माझे नातू विचारतात. मी आयुष्यभर त्यांना सात बाप पाठ करून घेतले. आता सहावर थांबतात. मग आपण कोण रे?

मी म्हटलं, संशोधन चालू आहे.

ते उठून गेले. चपान राहिला. कपाटात खाली, हिवाळी कपड्यांमागे ठेवलाय.

३ मे

काल तोल्गानायची पाठवणी. जेवण आमच्याकडून. हॉल मोठा, गायक चांगला, मटणाच्या बेशबारमाकमध्ये बटाटे होते. आमच्या कुळातली माणसं आली, पण दाराजवळच्या टेबलांवर बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर एलेमेसवाल्यांच्या एका वृद्धाने रीतीप्रमाणे माइक माझ्याकडे दिला. मुलीच्या बापाने सात बाप म्हणायचे, म्हणजे आपण कुणाची लेक देतोय ते सगळ्यांना कळतं. मी म्हणायला लागलो. पहिला मी. मग वडील. मग आजोबा, पणजोबा, कारीबाय, बोझताय. सहा झाले.

माणसं ताटांत बघायला लागली. त्या वृद्धाने माइकवर हात ठेवला आणि हळू म्हणाला, पुरे, ओरेके. सहा पुरेत. आम्ही कुणी मोजत नाही. फार सभ्य माणूस.

का कोण जाणे, मी माइक सोडला नाही. म्हटलं, सातवा शोइनबेक.

मी लहान असताना आजोबा मला मांडीवर घ्यायचे, तोंडात शेपटीच्या चरबीचा तुकडा ठेवायचे, आणि माझ्यापासून धरून सात नावं म्हटल्याशिवाय दुसरा द्यायचे नाहीत. सातवा शोइनबेक. त्याचे बारा उंट होते असं सांगायचे, कधी आठ म्हणायचे. लढला नाही, गायला नाही. एका कडक हिवाळ्यात उंट वाचवताना गोठून मेला. एलेमेसच्या बापाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. बैबारिसने विचारलं तेव्हा हे नाव माझ्या ओठांवर होतं. सिनेमात शोभलं नसतं.

हे सगळं मी माइकवर सांगितलं. इतिहास शिकवायला लागल्यापासून मला नक्की ठाऊक असलेली गोष्ट मी पहिल्यांदाच सांगत होतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बातेस आजी उठून आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, मास्तर, कशाला हो. कुणी तुम्हाला कमी लेखत नाही. दाराजवळच्या टेबलाकडे मी बघितलं. कोइशीबाय अक्साकाल मान हलवत होते, जसं मुलाच्या खोटेपणाची आता सवय झालेला बाप हलवतो. गायकाला कुणीतरी खूण केली आणि गाणं सुरू झालं.

गाडीपाशी तोल्गानाय माझ्या गळ्यात पडली. पांढऱ्या पोशाखात छान दिसत होती. कानाशी लागून म्हणाली, पापा, आजोबांच्या मांडीचं, चरबीच्या तुकड्याचं, ते फार सुंदर होतं. मी खरंच रडले. कधी सुचलं तुम्हाला?

मी म्हटलं, आत्ताच.

ती हसली, माझी कॉलर नीट केली आणि गाडीत बसली.